सुनावणी की सोपस्कार?

मुंबई महानगर प्रदेशाचे वार्षिक उत्पन्न १४० अब्ज डॉलरवरून २०३० सालापर्यंत ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचा आराखडा नीती आयोगाने २०२४ साली महाराष्ट्र सरकारपुढे ठेवला. उत्पादन वाढावे, उद्योग यावेत, रिकाम्या हातांना काम मिळावे, यास आमचा विरोध असण्याचे कारण नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूर मंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घालण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मोठा वाटा होता. आमचा प्रश्न योजना हवी की नको हा नाही. ती ठरविताना कोणास विचारले जाते, हा आहे.

कायद्याने जनतेस विचारण्याची तरतूद केलेली आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यान्वये प्रादेशिक योजनेच्या मसुद्यावर हरकती व सूचना देण्यास किमान चार महिन्यांची मुदत द्यावी लागते. मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेने जनसुनावणी सांगितली आहे. परंतु आर्थिक वाढीच्या आराखड्यास हे बंधन आपोआप लागू होत नाही. बंदर कोठे, वसाहत कोठे, रस्ता कोणाच्या दारावरून, याची दिशा मात्र तेथेच ठरते. पुढे सुनावणीचा दिवस उजाडतो तेव्हा बोलण्यास उरते ते केवळ नुकसानभरपाईविषयी!

लोकप्रतिनिधी लोकांच्या वतीने बोलतील असे कोणी म्हणेल. पण हा आराखडा आला त्या वर्षी मुंबई महानगरपालिकेत एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ पासून तेथे प्रशासकाचा कारभार होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीत किमान दोनतृतीयांश सभासद निवडून आलेले असावेत असे म्हटले आहे. निवडणुकाच लांबणीवर पडल्या तर हे दोनतृतीयांश सभासद आणावयाचे कोठून?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, ठराव, गणसंख्या, मतगणना या संसदीय प्रथा बौद्ध भिक्षुसंघास ठाऊक होत्या. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघास गणसंख्येचे महत्त्व कळले होते. २००६ च्या अधिसूचनेत मात्र जनसुनावणीस गणसंख्येचे बंधन नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर झालेली सुनावणीही कागदावर सुनावणीच ठरते.

त्या खुर्च्या रिकाम्या का राहतात, याचे उत्तर आमच्या वाचकांस ठाऊक आहे. ज्याच्या नावे सातबारा आहे, तो उतारा पुढे करून हरकत घेतो. गावकुसाबाहेरील वाड्यात राहणारा, दुसऱ्याच्या शेतात, मिठागरावर वा वीटभट्टीवर राबणारा मजूर कोणता उतारा दाखविणार? सुनावणीस गेला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. वस्तुतः २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्या जमिनीवर तीन वर्षे उपजीविका करणारा भूमिहीन शेतमजूरही बाधित कुटुंबात धरला आहे. हक्क आहे, पण तो सिद्ध करण्यास कागद नाही. आणि यादीत ज्याचे नाव नाही तो योजनेच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. जमीन गेली की मालकास मोबदला मिळतो आणि मजुराचे काम जाते. विकासाची किंमत कोणी मोजली, हे मग कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून सरकारकडे आमचे मागणे साधे आहे. मसुदा सोप्या मराठीत छापावा आणि वस्तीवस्तीत वाचून दाखवावा. सुनावणी मजुरांच्या सुटीच्या दिवशी घ्यावी. रेषा आखण्यापूर्वी भूमिहीन कुटुंबांची गणना करावी. प्रत्येक हरकतीस स्वीकृतीचे वा नकाराचे कारण लेखी द्यावे. कारण न देता हरकत फेटाळणे म्हणजे ती न ऐकणेच होय.

आणि आमच्या बांधवांसही एक सांगणे आहे. कोणी विचारील याची वाट पाहत बसू नका. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. कोण कोठे राबतो, किती वर्षे राबतो, याची नोंद करा. साक्षीदारांच्या सह्या घ्या. सुनावणीची नोटीस निघाली की ती वही घेऊन पाच-पंचवीस जणांनी मिळून जा आणि हरकतीची पोच मागून घ्या. मताचा हक्क पाच वर्षांतून एकदाच बजावावयाचा नसतो. योजनेच्या कागदावर आपले नाव चढविणे, हाही त्याच हक्काचा भाग आहे.