परमुलखात जेवावे कोठे?



सन २०२५ च्या जुबिली वर्षात, ऑक्टोबर महिन्यात, आमच्या धर्मग्रामातील आठ यात्रेकरूंना घेऊन आम्ही रोमला जाऊन आलो. परतल्यावर 'तेथे काय काय पाहिले?' असे सर्वांनीच विचारले. 'फादर, तेथे जेवलात कोठे?' हा प्रश्न मात्र एकाच गृहिणीने केला. आम्ही हसून वेळ मारून नेली. पुढे विचार करता असे दिसून आले की, या प्रश्नाचे उत्तर देणे आमच्यावर ऋण आहे. कारण त्यात आमची एक चूक दडलेली आहे. आपल्या घरची मुले आज जहाजांवर, इस्पितळांत, हॉटेलांत नोकरीनिमित्त दूरदेशी जातात. त्यांच्याही कामी हा अनुभव यावा म्हणून तो येथे मांडीत आहो.

आमचा मुक्काम ओत्ताव्हियानो मेट्रो स्थानकाजवळच्या एका लहान हॉटेलात होता. तेथून संत पेत्राचे महामंदिर पायी दहा-बारा मिनिटांवर. पहिल्या सायंकाळी मंडळी प्रवासाने थकलेली, भुकेने कासावीस झालेली. खाली कोणास विचारावे, तर आमचा मान आडवा आला. सेमिनरीत लॅटिनची चार अक्षरे गिरविली होती. त्या बळावर इटालियन पाटी वाचता येईल असे मंडळींस आम्हीच सांगितले होते. महामंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका भोजनगृहाच्या दारात एक गृहस्थ उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आत बोलावीत होता. दारावर पदार्थांची रंगीत चित्रे, सहा भाषांतील यादी. आम्ही आत शिरलो.

यादीत भाजलेल्या माशापुढे सात युरो असा आकडा होता. स्वस्त वाटला म्हणून दोन मासे मागविले. आकड्याशेजारी बारीक अक्षरांत 'एत्तो' असा एक शब्द होता, तो आम्ही वाचला आणि सोडून दिला. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम! दोन्ही मासे मिळून भरले २ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे चोवीस एत्तो; चोवीस साते १६८ युरो. त्या दिवसांच्या भावाने ती रक्कम सतरा हजार रुपयांच्या घरात गेली, आणि ती केवळ माशांची. त्या दुकानाने आम्हांस फसविले असे म्हणता येणार नाही. लिहिलेले होते; वाचणारा आम्हीच होतो.

आमच्या मंडळीत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. डेअरीला दूध घालून, वर्षानुवर्षे पैसा पैसा बाजूला ठेवून त्यांनी ही यात्रा जमविली होती. बिलाचा कागद पाहून त्या हळूच म्हणाल्या, "फादर, एवढ्यात आमचा दोन-तीन महिन्यांचा बाजार होतो हो." पुढे काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी म्हणाल्या, "माझा उपास आहे." तिसऱ्या दिवशीही तेच. आम्ही त्यांच्या भक्तीचे कौतुक केले! तिसऱ्याच दिवशी पवित्र द्वाराच्या रांगेत उभ्या असता त्यांना भोवळ आली. रांगेतील एका परक्या बाईने आपल्या पिशवीतून संत्रे काढून त्यांच्या हाती दिले. सावलीत बसविल्यावर आजींनी सांगितले, "उपास नव्हता, फादर. पिशवीतले दोन लाडू अर्धे अर्धे करून खात होते. तिथली बिलं मला झेपायची नाहीत. आणि तुम्हांला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

वाचकहो, त्या क्षणी आमची मान खाली गेली. एका प्रश्नाने जे काम झाले असते ते आम्ही आमच्या अभिमानापायी केले नाही, आणि त्याची किंमत एका वृद्ध मातेने भुकेने चुकती केली.

त्याच दुपारी आम्ही हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या बाईंस विचारले, "दोवे मान्जा लेई?" म्हणजे, आपण स्वतः कोठे जेवता? 'चांगले भोजनगृह कोठे आहे?' असे आम्ही विचारले नाही. त्या प्रश्नाला नेहमी पाहुण्यांसाठी राखलेले उत्तर मिळते. आपण कोठे जेवता, याला मात्र खरे उत्तर मिळते. बाईंनी आम्हांस तीन गल्ल्या पलीकडे एका 'ताव्होला काल्दा'कडे धाडले. ताव्होला काल्दा म्हणजे जेथे शिजविलेले पदार्थ काचेमागे मांडलेले असतात आणि बोटाने दाखवून घ्यावयाचे असतात. समोर दिसते तेच पानात येते. कामगार, कारकून, शाळकरी मुले, सर्व तेथे होते. नऊ जणांचे पोटभर जेवण नव्वद युरोंच्या आत झाले. आजींनी तांदळाचा तळलेला गोळा घेतला. त्याला तेथे सुप्पली म्हणतात, आत वितळलेले चीज असते. "हे तर आपल्या वड्यासारखेच की!" असे म्हणून त्यांनी आणखी एक मागितला.

त्यानंतरच्या दिवसांत जे शिकलो ते क्रमाने देतो.

प्रसिद्ध स्थळापासून निदान तीन-चार गल्ल्या दूर जावे. दारात उभे राहून बोलावणारा मनुष्य आणि पदार्थांची छायाचित्रे दिसली की पुढे चालावे. हाताने लिहिलेली लहान यादी, तीही रोज बदलणारी, दिसली तर थांबावे. रोममध्ये जुन्या चालीनुसार गुरुवारी न्योक्की नामक बटाट्याचे गोळे, शुक्रवारी मासळी आणि शनिवारी वजडी करतात. जेथे ही चाल अजून पाळली जाते तेथे गावकरी जेवतात असे समजावे.

वेळ सांभाळावी. दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच, रात्रीचे साडेसात-आठनंतर. मध्यंतरी बहुतेक स्वयंपाकघरे बंद असतात; ज्यांना औषधापूर्वी अन्न लागते त्यांनी जवळ काही ठेवावेच. १५ ऑगस्टच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे आपली दुकाने बंद करून सुट्टीवर जातात.

बसण्यापूर्वी दर वाचावा. मासा व वजनावर विकला जाणारा पिझ्झा यांचा दर बहुधा एत्तोचा असतो. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त, टेबलाशी बसून घेतली तर पुष्कळ महाग. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे तेथे २००६ च्या कायद्याने नुसत्या बसण्याचा आकार बंद केला आहे. परंतु पावाचे पैसे निराळे लावतात. पाव नको असल्यास आरंभीच परत करावा. बक्षिशी देणे सक्तीचे नाही.

पाणी विकत घेण्याचे कारण नाही. १८७४ पासून शहरभर लोखंडी नळ बसविलेले असून ते आज सुमारे अडीच हजार आहेत. त्यांच्या वाकड्या तोटीवरून लोक त्यांना 'नासोने', म्हणजे मोठे नाक, म्हणतात. पाणी थंड व पिण्यायोग्य असते. बाटली मात्र आपली न्यावी.

मसाल्याची आठवण झाली तर तेर्मिनी स्थानकाजवळच्या एस्क्विलिनो बाजारात जावे. तेथे बांगलादेशी दुकानदारांकडे कोथिंबीर, हिरवी मिरची, भेंडीही मिळते. परंतु रोमकरांच्या पानातही आपला अंश आहेच. 'काचो ए पेपे' हा त्यांचा आवडता प्रकार म्हणजे शेवयांवर मेंढीच्या दुधाचे चीज आणि भरपूर मिरे. प्राचीन काळी हे मिरे मलबारच्या किनाऱ्यावरून गलबतांनी जात, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात सम्राट डोमिशियनने त्यांसाठी नगराच्या मध्यभागी कोठारे बांधविली होती.

तेस्ताच्चो नावाच्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९७५ पर्यंत मोठा कत्तलखाना होता. उत्तम मांस श्रीमंतांकडे जाई. वजडी, शेपूट, काळीज हे गरिबांच्या वाट्यास येई. त्यातूनच तेथील गृहिणींनी असे पदार्थ सिद्ध केले की आज दूरदूरचे लोक ते खाण्यास येतात. गोव्याचे सोरपोतेल ज्यांच्या घरी होते त्यांना हे निराळे सांगावयास नको.

शेवटच्या सकाळी आम्ही खाली उतरलो तो आजी आमच्या आधीच कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात उभ्या! भाषा एक अक्षर येत नाही. शेजारच्या गवंड्याच्या पेल्याकडे बोट दाखवून त्यांनी तसेच मागितले होते, आणि नाणी मोजून स्वतः दिली होती. आम्हांस पाहून म्हणाल्या, "फादर, तुम्हीही उभ्यानेच घ्या. बसलात की महाग पडतंय."

येत्या बाजारच्या दिवशी आपल्या गावी कोणी परका मनुष्य 'जेवायला कोठे मिळेल?' असे विचारील. त्यास मोठ्या पाटीचे हॉटेल दाखवू नका. आपण स्वतः जेथे जेवतो तेथे न्या. आणि घर जवळ असेल तर घरीच न्या.