पाहुण्याच्या हातातला पेला

गेल्या वैशाखात एका जुन्या स्नेह्यांच्या मुलीचे लग्न झाले. स्नेही बालपणापासूनचे स्वयंसेवक, व्यवसायाने शिक्षक, निवृत्त होऊन चार वर्षे झालेली. मुलगी आणि जावई दोघेही पुण्यात संगणक क्षेत्रात. याद्या होण्याच्या वेळी वरपक्षाकडून एक सूचना आली. लग्नाच्या आदल्या रात्री संगीताचा कार्यक्रम ठेवावा आणि त्यात ‘तरुण मंडळींसाठी थोडी वेगळी व्यवस्था’ असावी. हा शब्दप्रयोग हल्ली मराठी मध्यमवर्गात रूढ झाला आहे. ‘दारू’ हा शब्द उच्चारायला अजूनही जीभ कचरते, पण पेला हातात घ्यायला हात कचरत नाही.

आमच्या स्नेह्यांनी नम्रपणे, पण स्पष्ट नकार दिला. वरपक्ष समंजस होता. वरमाईंनी मुळीच ताणून धरले नाही. मात्र त्यांनी एक प्रश्न विचारला, “दारू नको हे आम्हालाही पटतं हो. पण तीन-चार तास दोनशे माणसं जमणार, उकाड्याचे दिवस. मग तुम्ही पाहुण्यांच्या हातात देणार काय?”

या प्रश्नाला आमच्या स्नेह्यांकडे तत्काळ उत्तर नव्हते. प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्यापैकी बहुतेकांकडे ते नसते, आणि माझ्या मते आपल्या व्यसनविरोधाची सर्वांत दुबळी बाजू हीच आहे. ‘नको’ म्हणण्यात आपण पारंगत आहोत. ‘हे घ्या’ म्हणण्याची वेळ आली की आपली तयारी उघडी पडते.

आपल्या घरच्या कार्यांत काय दृश्य दिसते? मंगल कार्यालयाच्या दाराशी एक मुलगा कागदी पेल्यांचे तबक घेऊन उभा असतो. पेल्यात भडक नारिंगी रंगाचे, जिभेवर चिकट थर ठेवणारे, कोमट पाणी असते. त्याला ‘वेलकम ड्रिंक’ म्हणायचे. पाहुणा एक घोट घेतो आणि पेला जवळच्या कुंडीत ठेवून देतो. याहून बरे म्हणजे काळ्या शीतपेयाच्या मोठ्या बाटल्या. १९७७ साली कोका-कोलाने भारतातून गाशा गुंडाळला आणि १९९३ साली ती कंपनी परत आली, तेव्हा स्वदेशी जागरण मंचाच्या व्यासपीठांवरून आपण किती पोटतिडकीने बोललो होतो! ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा आपण ती कात्रणे जपून ठेवली. आणि तरीही आपल्याच घरच्या मुंजीत त्याच बाटल्या मांडलेल्या असतात, कारण ‘कोण करत बसणार तेवढं?’

जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, त्या वेळी आपल्या मंडळींनी रस्त्यावर उतरून विरोध केला. तो योग्यच होता. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यबंदीच्या दिशेने प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून सांगितलेले आहे, याचे स्मरण शासनकर्त्यांना वारंवार करून द्यावे लागते. परंतु कायद्याची मर्यादाही आपण पाहिली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी लागू झाली आणि २०२१ साली उठली. जे शासनाला सहा वर्षांत साधले नाही, ते आपल्या दिवाणखान्यात साधण्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची गरज नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो. आपल्या प्राचीन वाङ्मयात सुरा आणि मदिरा नव्हत्या काय? होत्या. ते नाकारण्यात अर्थ नाही; खोटा इतिहास सांगून कोणताही संस्कार टिकत नाही. मात्र ज्या समाजात सुरा होती, त्याच समाजाच्या धर्मशास्त्रकारांनी सुरापानाला महापातकांच्या पंक्तीत बसवले, हेही तितकेच खरे. माहीत नसलेल्या गोष्टीचा निषेध कोणी करत नाही. पाहून, भोगून, त्याचे परिणाम अनुभवून तो निषेध आलेला आहे. लोकमान्य टिळकांनी १९०८ साली पुण्यात मद्यपानविरोधी चळवळीला बळ दिले, तेही दारूच्या गुत्त्यांनी होणारी घरांची धूळधाण समोर दिसत होती म्हणून.

आणि मद्याविना रात्र जागवण्याची कला तर आपल्या हाडीमाशी आहे. कोजागरीची रात्र म्हणजे दुसरे काय? गच्चीवर चाळीस-पन्नास माणसे, मोठ्या पातेल्यात आटणारे दूध, त्यात चारोळी, वेलदोडा, जायफळ, केशराच्या चार काड्या, गाणी, भेंड्या, आणि उत्तररात्रीपर्यंत कोणालाही घरी जावेसे वाटत नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाटली डाळ आणि पन्हे. त्यात पाहुणचाराचा एक पूर्ण विचार आहे. ऋतू कोणता, कोणते फळ हाताशी आहे, येणारी व्यक्ती उन्हातून आली आहे काय, हे सारे त्या एका पेल्यात बघितले जाते. आपण मात्र तो पेला चैत्राच्या त्या एका दुपारपुरता कोंडून ठेवला.

वरमाईंच्या प्रश्नाला उत्तर शोधायला त्या रात्री आम्ही चौघे-पाच जण बसलो. हॉटेलवाल्याकडे ‘मॉकटेल’ची यादी होती. निळी, हिरवी, लालभडक पेये, उंच काचेच्या पेल्यात, वर छोटी छत्री. मी त्याला विरोध केला, आणि त्याचे कारण केवळ सौंदर्यदृष्टीचे किंवा खर्चाचे नव्हते.

आमच्या या मित्राच्या नात्यात एक तरुण आहे. दारूने त्याची नोकरी घालवली, संसार मोडता मोडता राहिला. व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेऊन तो आता अडीच वर्षे कोरडा आहे. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ साली सुरू झाले, तेव्हापासून अशी किती घरे पुन्हा उभी राहिली असतील! पण केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाची खरी परीक्षा केंद्रात होत नाही, लग्नात होते. तिथे कोणीतरी खांद्यावर हात टाकून म्हणतो, “अरे, आज तरी एक घोट!” रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या माणसाला असे म्हणणे सोपे जाते. आणि दारूसारख्याच दिसणाऱ्या पेल्यात दारूसारखेच दिसणारे पेय त्याला देणे म्हणजे बऱ्या होत आलेल्या जखमेवरची खपली काढणे. ‘बिनअल्कोहोलची बिअर’ म्हणून जी मिळते, तिच्यातील काहींत अर्धा टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकते, हेही अनेकांना ठाऊक नसते. नक्कल करण्यात मुळात एक कबुली दडलेली आहे, की खरी मजा तिकडेच, आमच्याकडे फक्त तिचे सोंग. पन्हे कशाचीही नक्कल नाही. ते पन्हे आहे.

म्हणून ठरले की पन्हे, मठ्ठा आणि कोकम सरबत, तिन्ही आपणच करायचे. आमच्यातील एक जण अनेक संघ शिक्षा वर्गांत भोजन विभाग सांभाळलेले. पाचशे माणसांच्या आमटीचा अंदाज त्यांना झोपेतही चुकत नाही. ते म्हणाले, “शिबिरात जे आपण करतो ते घरच्या कार्यात का करत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.” मलाही कळलेले नाही. शिबिरातले कौशल्य शिबिरातच ठेवून आपण घरी येतो आणि केटररला दूरध्वनी करतो.

त्यांनी कागदावर हिशेब मांडला, तो उपयोगी म्हणून देतो. दीडशे मिलिलिटरचा पेला, माणशी दोन पेले, म्हणजे दोनशे माणसांना साठ लिटर पन्हे. त्याला बारा किलो कैऱ्या. उकडून, साल-कोय काढून साधारण सात किलो गर निघतो. गराच्या दीडपट गूळ, म्हणजे साडेदहा किलो. गर गरम असतानाच त्यात गूळ विरघळवायचा आणि मग सारे मिश्रण गाळायचे, कारण चांगल्या गुळातही काडीकचरा असतो. गर एकजीव करायला आम्ही पुरणयंत्र वापरले. सात किलोचा गर मिक्सरमध्ये फिरवत बसण्यापेक्षा ते लवकर झाले. वेलदोड्याची पूड, चिमटीभर मीठ, दुधात नव्हे तर कोमट पाण्यात खललेले केशर. हे घट्ट पन्हे आदल्या दिवशी करून शीतकपाटात ठेवायचे आणि आयत्या वेळी त्यात तिप्पट पाणी घालायचे. गोडी मात्र पन्हे गार झाल्यावरच चाखायची, कारण गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते. ही गोष्ट मला पन्नाशीनंतर कळली.

मठ्ठ्यासाठी दहा किलो दही आणि तिप्पट पाणी, आले, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरे आणि हिंग. तो दोन तास आधी घुसळायचा, अधिक आधी नाही; वैशाखात मठ्ठा आंबायला वेळ लागत नाही. मधुमेही पाहुण्यांसाठी मठ्ठा आवश्यकच, त्यामुळे त्यात साखर घातली नाही. कोकमाचे अमृत सिंधुदुर्गातील एका महिला बचत गटाकडून मागवले. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पाऊस सुरू झाला की कितीतरी कोकमे झाडाखालीच कुजतात. आपल्या प्रत्येक लग्नात सात-आठ बाटल्या गेल्या तर कोकणातल्या त्या भगिनींना कोणत्याही अनुदानाहून अधिक आधार होईल. स्वदेशीचा अर्थ मला तरी असा दिसतो.

दोन बाबतींत सावधगिरी हवी. आंबट पेय पितळी किंवा तांब्याच्या पिंपात कधीही ठेवू नये. ताजी कल्हई असली तरच, एरवी स्टीलच बरे. घरची जुनी घंगाळे शोभेला कितीही छान दिसोत. दुसरी बाब बर्फाची. कारखान्यातील लादी पेयात फोडून टाकायची आपली जुनी सवय आहे. २०१८ पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फ निळसर रंगाचा असावा असा दंडक आहे, तो याचसाठी. लग्नानंतर पंधरवड्याने पाहुण्यांना कावीळ झाल्याच्या कथा आपण ऐकतोच. आम्ही उकळून गार केलेले पाणी स्टीलच्या डब्यांत घालून गोठवले आणि ते मोठे खडे वापरले. लहान खड्यांपेक्षा मोठा खडा सावकाश विरघळतो आणि पेय लवकर पाणचट होत नाही.

तरीही आमची चूक झालीच. पहिल्या पिंपात एका उत्साही कार्यकर्त्याने हिशेबातले पाणीही घातले आणि वर बर्फही. अर्ध्या तासात पन्हे पांचट झाले. राखून ठेवलेले दोन लिटर घट्ट पन्हे त्यात ओतून वेळ निभावली. बर्फाचे वजन पाण्यातून वजा करायचे असते, हे तिसरीच्या गणिताचे ज्ञान पाच पदवीधरांना त्या क्षणी आठवले नाही. मठ्ठाही दहाच्या सुमारास संपला; तो सर्वांत आधी संपेल असे कोणालाच वाटले नव्हते. चाळीस लिटरऐवजी साठ हवा होता.

आणखी एक गोष्ट आग्रहाने ठरवली होती. पन्हे करायचे म्हणजे घरातील सुवासिनींनी दोन दिवस कंबर मोडायची आणि पुरुषांनी परंपरेवर भाषण करायचे, हे चालणार नाही. मुलीच्या आईने त्या रात्री एकही पातेले उचलले नाही. कैऱ्या उकडण्यापासून पेले विसळण्यापर्यंत सारे काम आम्ही पुरुषांनी केले. पेले काचेचे होते, भाड्याने आणलेले. कागदी पेल्यात दिलेले अमृतही औषधासारखे लागते, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यावर आमच्यात बराच वादही झाला. पेले कोण धुणार, यावर मुख्यतः.

वराचे मित्र आले, ते आधी जरा अवघडलेले होते. दोघे-तिघे मध्येच बाहेर जाऊन आले असावेत, अशी शंका मला आहे. तिकडे दुर्लक्ष करण्यात आले, आणि ते योग्यच झाले. पाहुण्यांची झडती घेणे हा काही आपल्या संस्काराचा भाग नाही. पण गाणी रंगली, तसे तेही पिंपापाशी रेंगाळू लागले. एकाने मठ्ठ्यातील हिंगाचे प्रमाण विचारून घेतले. वरमाईंनी कोकमाच्या बचत गटाचा दूरध्वनी क्रमांक मागितला.

तो तरुण रात्री साडेअकरापर्यंत होता. त्याला आम्ही पन्ह्याच्या पिंपाशी उभे केले होते, वाढायला. त्याच्या एका हातात पळी होती आणि दुसऱ्या हातात स्वतःचा भरलेला पेला. संपूर्ण संध्याकाळभर त्याला ‘एक घोट घे’ असे म्हणणारे कोणी भेटले नाही. उलट येणारा प्रत्येक जण त्याच्याकडेच मागत होता.

आता त्याच्याच धाकट्या भावाचे लग्न मार्गशीर्षात आहे. तेव्हा कैऱ्या नसतील. आवळा की गरम मसाला दूध, यावर आमची चर्चा चालू आहे. भोजन विभागवाले दुधाच्या बाजूचे आहेत, मी आवळ्याच्या. पेले मात्र काचेचेच असतील, हे ठरले आहे, आणि ते धुण्याची पाळी या वेळी माझी आहे.