घड्याळ निःपक्ष झाले, मैदानाचे काय?

पोलीस भरतीची चाहूल लागली की निघोजे, महाळुंगे, चाकण पट्ट्यातील कामगारांची पोरे पहाटे रस्त्यावर धावू लागतात. खाकी वर्दी ही त्यांच्यासाठी कंत्राटी जगण्यातून सुटण्याची वाट आहे. म्हणून त्यांची धाव कोण मोजतो आणि कशी मोजतो, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

शारीरिक चाचणी ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. पूर्वी सारा भरवसा शिट्टी आणि स्टॉपवॉचवर. अलीकडे आरएफआयडी चिप आली. चिप उमेदवाराच्या अंगावर असते. रेषेवरचा अँटेना तिचा क्रमांक बिनतारी टिपतो आणि वेळ थेट संगणकात जाते.

याचे मोल समजून घ्या. माणूस घड्याळ उशिरा दाबतो, म्हणून अॅथलेटिक्समध्ये १०० मीटरच्या हाती वेळेत ०.२४ सेकंद मिळवून ती विद्युत वेळेशी ताडतात. भरतीत ११.५० सेकंदांपर्यंत १५ गुण, त्यापुढे १२.५० पर्यंत १२. म्हणजे पाव सेकंदात तीन गुण! घड्याळावरच्या अंगठ्याच्या हाती एवढी सत्ता असू नये.

आपल्या समाजाने तर घड्याळाशिवायच बाद होणे भोगले आहे. १८९२ मध्ये इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. कोणाची धाव मोजली नाही, फक्त जात पाहिली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले. जात न ओळखणाऱ्या यंत्राचे स्वागत आपण करू नये तर कोणी करावे?

पण यंत्रापुढे डोळे मिटून हात जोडणे हा आपला बाणा नव्हे. अधिकृत शर्यतीत धड रेषेवर पोचते ती वेळ धरतात. चिप पायात असेल तर ती पाऊल मोजते, धड नव्हे. लांब पल्ल्याला हा फरक नगण्य, १०० मीटरला नाही. तिथे फोटो-फिनिश कॅमेराच हवा. शिवाय प्रत्येक उमेदवाराला त्याच्या वेळेची छापील पावती जागेवरच मिळाली पाहिजे. पावती नसेल तर हरकत घ्यायची कशावर?

आणि शेवटचा प्रश्न मैदानाचा. भोसरीच्या इंद्रायणीनगरात सिंथेटिक ट्रॅक आहे. निघोज्यातला पोरगा मात्र ट्रकांच्या बाजूने डांबरावर पळतो. मोजणी समान आणि तयारी विषम, याला समान संधी म्हणत नाहीत. कारखान्यांना जमीन देणाऱ्या गावांना धावायला चारशे मीटर जागा मिळालीच पाहिजे. ग्रामसभेत हा ठराव मांडा. चिप शेवटची रेषा पाहते, सुरुवातीची रेषा सरळ करण्याचे काम आपले आहे.