कोरे राहिलेले पान

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण वह्यांना हळदकुंकू वाहतो. ज्या घरी दुकान नाही, तिथेही एखादी कोरी वही पाटावर मांडली जाते. मात्र घरातला सर्वांत मोठा खर्च ज्या पानावर मांडायचा, ते पान आपण कोरेच ठेवतो. हा खर्च म्हणजे मुलाची खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयातली चार वर्षे.

गेल्या आषाढात माझा धाकटा भाऊ कागदांचे भेंडोळे घेऊन आला. म्हणाला, "दादा, घर गहाण टाकतोय. आठ लाखांचे कर्ज काढतो. माहितीपत्रकातच छापलेय, सरासरी पॅकेज सात लाख! पोरगा दोन वर्षांत फेडील."

"आधी वही घे," मी म्हटले.

दर वर्षाच्या आरंभी दोन लाख उचलायचे, व्याज शेकडा १०. शिकण्याची चार वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नाही. पण व्याजाला कुठली सुट्टी? त्या पाच वर्षांत सरळव्याजाने २ लाख ८० हजार साठतात. म्हणजे फेड सुरू होते ती १० लाख ८० हजारांची. दहा वर्षांची मुदत धरली तर दरमहा सुमारे १४,२७० रुपये हप्ता, आणि एकूण भरणा १७ लाखांच्या वर!

आता ते सात लाख पाहू. दहा मुले धरा. एकाला ३० लाख मिळाले, सहा जणांना तीन-तीन लाख, तिघांना काहीच नाही. नोकरी लागलेल्या सात जणांची सरासरी सात लाखांच्या घरात जाते. आकडा खोटा नाही, पण तो सात लाखांचा मुलगा वर्गात शोधून सापडायचा नाही! दहा जणांना ओळीत उभे केले तर मधल्याला मिळतात तीन लाख, म्हणजे महिना २५ हजार. त्यातही मालकाने भरायचा भविष्यनिर्वाह निधी बहुधा पॅकेजातच मोजलेला असतो. हप्ता गेल्यावर उरलेल्या दहा हजारांत पुण्यात खोली, खानावळ आणि बसभाडे त्याने कसे भागवायचे?

कुणी म्हणेल, शिक्षण म्हणजे काय वाण्याचा व्यवहार आहे? नाही, मान्य. पण तसा तो नसेल, तर माहितीपत्रकावर पॅकेजचे आकडे कोण छापतो? पगार पुढे वाढतो, हेही खरे. पण हप्ता पहिल्या पगारापासूनच दारात उभा असतो.

खासगी महाविद्यालये बंद करा, असे मी म्हणत नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी केली, तोवर आपली कितीतरी मुले देणग्या मोजून कर्नाटकात शिकायला जात. पुढे २०१५ साली शुल्कावर नियंत्रण ठेवणारा कायदाही झाला. पण शुल्क ठरते ते संस्थेच्या खर्चावरून. मुलाच्या कमाईचा तिथे कुणी विचार करीत नाही.

माझे मागणे साधे आहे. एनआयआरएफच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक, म्हणजे तो मधल्या मुलाचा पगार, कळवावाच लागतो. तो आकडा मोठ्या फलकावर का येत नाही? प्रवेश किती जणांना दिला, त्यांतले उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना आणि मधल्याचा पगार किती, हे चार आकडे शुल्काच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापण्याची सक्ती करा. आणि आपणही ते मागू या! वांगी घेताना आपण देठ तपासतो, स्थळ आले की सात पिढ्यांची चौकशी करतो. मग १७ लाखांचा सौदा एका रंगीत पानावर का उरकतो?

भावाने ते चार आकडे मागितले. "असे कुणी विचारत नाही हो," एवढेच उत्तर मिळाले. घर गहाण पडले नाही. पुतण्या तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.ला बसला. तो माझ्याशी अजून नीट बोलत नाही. त्याचा राग मला समजतो. माझा राग मात्र त्या आकडा ठाऊक असून मिटून बसलेल्या तोंडांवर आहे.

यंदा पूजेची वही उघडा, आणि ते पान आधी लिहा.