प्लॅस्टिकचे डबे फेकले, पुढे काय?

परवा एक जोडपं आलं. लग्नाला चार वर्षं झालेली. बायकोच्या फायलीत सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्स-रे, हार्मोन्सच्या तपासण्या, एक दुर्बिणीची शस्त्रक्रियासुद्धा. नवऱ्याची फाईलच नाही. या खेपेला मात्र त्यानेच मोबाईल पुढे केला. ‘२०४५ साली पुरुषांचे शुक्रजंतू शून्यावर!’

‘‘डॉक्टर, खरं आहे का हो? आम्ही घरातले प्लॅस्टिकचे डबे भंगारात दिले.’’

हा मजकूर न्यूयॉर्कच्या संशोधिका शाना स्वान यांच्या नावाने फिरतो. त्यांचे शोधनिबंध ढीगभर आहेत. पण मला भावतो तो ढीग नव्हे, त्यातला क्रम. १९९२ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी ६१ अभ्यास एकत्र करून सांगितलं, की एका मिलिलिटर वीर्यातले शुक्रजंतू ५० वर्षांत सरासरी ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आलेत. स्वानबाईंना ते पटलं नाही. कुठले पुरुष, कुठला देश, मोजलं कसं? त्यांनी एकेक शंका घेऊन तीच आकडेमोड पुन्हा केली. घट जाईना! १९९७ साली त्यांनी तसं छापलं. जे खोडायला गेलो तेच खरं निघालं, हे जाहीर सांगायला धाडस लागतं.

मग २०१७ साली इस्राएलच्या हगाई लेविन यांच्यासोबत १८५ अभ्यासांचं विश्लेषण आलं. १९७३ ते २०११ या काळात पाश्चात्त्य देशांत निम्म्याहून जास्त घट. पुढे २०२२ मध्ये आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिकेची आकडेवारी मिळवली. तिथेही उतारच.

मग शून्य कुठून आलं? उताराची रेघ पट्टी लावून पुढे ओढली, की २०४५ च्या आसपास ती तळाला टेकते. दहा वर्षांचा मुलगा वर्षाला सहा सेंटिमीटर वाढतो म्हणून तो चाळिशीत दहा फुटांचा होईल, असं म्हणण्यासारखंच हे. शिवाय २०२१ साली हार्वर्डच्या एका गटाने आक्षेप घेतला, की एका मर्यादेपलीकडे शुक्रजंतू जास्त म्हणजे मुलं जास्त, असं काही नसतं. हे बरोबरच आहे. पण माझ्या मते त्याने चिंता मिटत नाही. ताजी सरासरी ४.९ कोटींची. साधारण ४ कोटींच्या खाली दिवस राहायला वेळ लागू लागतो आणि सरासरी घसरली की त्या रेषेखालचे पुरुष वाढतात.

आता प्लॅस्टिक. २००५ सालच्या स्वान यांच्या अभ्यासात, गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत काही थॅलेट्स (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं) जास्त होती, त्यांच्या मुलग्यांत गुदद्वार ते शिश्न हे अंतर कमी आढळलं. पोटात असताना पुरुषी हार्मोन्सचा अंमल कमी पडल्याची ही खूण. मुलगे होते ८५. सगळ्या जगाच्या घसरणीचं खापर तेवढ्यावर फोडता येत नाही. आणि हा परिणाम पोटातल्या बाळावरचा; तिशीतल्या बाप्याने डबे फेकून तो उलटत नाही. (गरम जेवण प्लॅस्टिकमध्ये न ठेवणं चांगलंच. त्याबद्दल वाद नाही.)

यादीतला माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाचा निबंध मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. २००३ साली त्यांना दिसलं, की शेतीप्रधान मिसुरीतल्या पुरुषांचे शुक्रजंतू न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसवाल्यांपेक्षा कमी आहेत. पाठोपाठच्या दुसऱ्या अभ्यासात, तिथल्या ज्यांचं वीर्य निकृष्ट होतं त्यांच्या लघवीत काही तणनाशकांचे आणि कीटकनाशकांचे अंश जास्त सापडले. अभ्यास छोटा, पण दिशा स्पष्ट.

मी विचारलं, ‘‘काम काय करता?’’

‘‘द्राक्षबाग आहे.’’

‘‘फवारणी कोण करतं?’’

‘‘मीच.’’

‘‘हातमोजे, मास्क?’’

तो हसला. ‘‘गरम होतं हो डॉक्टर.’’ गालात तंबाखूची गोळी होती.

चार वर्षांत बायकोला भूल देऊन झाली, पण काहीशे रुपयांची वीर्यतपासणी कोणी त्याला सांगितली नाही. सांगितली असेल तर त्याने केली नाही. मी चिठ्ठी लिहिली : दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्या, दोष निघाला तर पुन्हा एकदा तपासू. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तंबाखू आज बंद आणि फवारणीला मोजे-मास्क आजपासून.

‘‘आणि डबे?’’ त्याने विचारलं.

बायको पहिल्यांदा बोलली, ‘‘डबे जाऊ द्या. आधी लॅब कुठंय ते विचारा.’’