आयटीआयच्या गेटपासून कारखान्याच्या गेटपर्यंत

१५ सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील ४३४ आयटीआयमध्ये एकाच दिवशी 'संविधान मंदिरा'चे उद्घाटन झाले. कारागीर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना संविधानाची ओळख व्हावी, याला आंबेडकरी माणसाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु 'मंदिर' या शब्दापाशी नाशिकचा माणूस थोडा थबकतो. मंदिराच्या दारात काय घडते, ते त्याच्या आजा-पणजाने पाहिले आहे. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला. लोकांनी दगड खाल्ले, तुरुंग भोगला. दार उघडले नाही. ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून आपली भूमिका कळवली. आता मंदिरप्रवेशापायी ताकद खर्च करू नये. समाजाने आपले बळ राजकारण आणि शिक्षण या दोन गोष्टींवर लावावे, असा त्या पत्राचा सांगावा होता.

राजकारणाचे आपण काय केले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. प्रश्न शिक्षणाचा आहे. शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पदवीचा झगा येतो, कलेक्टरची गाडी येते, परदेशातले विद्यापीठ येते. त्र्यंबक रस्त्यावरची आयटीआय येत नाही. सामनगाव रस्त्यावरचे शासकीय तंत्रनिकेतन येत नाही. गोवर्धनचे मुक्त विद्यापीठ येत नाही. आणि खरे पाहता, नाशिकमधील आपल्या बहुसंख्य घरांचे भवितव्य याच तीन ठिकाणी ठरते.

माझ्याच घरचे सांगतो. माझे वडील सत्तरच्या दशकात आयटीआयमधून फिटर झाले. गावाकडून आलेले, खिशात दहावीची गुणपत्रिका. सातपूरच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले, पुढे कायम झाले. कायम झाले म्हणून पतपेढीने कर्ज दिले, कर्ज मिळाले म्हणून दोन खोल्या झाल्या, त्या दोन खोल्यांत दिवा होता म्हणून मी एलएल.बी.पर्यंत वाचू शकलो. समाजात माझी ओळख 'वकीलसाहेब' अशी आहे. पण माझ्या सनदेच्या खाली वडिलांचे फिटरचे प्रमाणपत्र आहे, आणि त्या प्रमाणपत्राच्या खाली कारखान्याने दिलेले कायम नोकरीचे पत्र आहे. यातला एक कागद काढला तर बाकीचे खाली येतात. नाशिकरोड, सातपूर, सिडको, कोणत्याही वस्तीत जा. ज्या घरातून डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी बाहेर पडला, त्या घरात एक पिढी आधी बहुधा एखादा वेल्डर, टर्नर, छापखान्यातला किंवा ओझरच्या विमान कारखान्यातला कामगार सापडेल.

हाताच्या कामाची लाज आपल्याला कोणी शिकवली? नाशिकच्या मातीने तर नक्कीच नाही. त्रिरश्मी लेण्यांतील शिलालेख वाचा. सुमारे १९०० वर्षांपूर्वी उषवदाताने भिक्खूसंघासाठी ३००० कार्षापण दान दिले आणि ती रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे २०००, दुसरीकडे १०००. व्याजातून भिक्खूंना चीवर मिळायचे. त्याच लेण्यांतील दुसऱ्या लेखात कुंभार, तेली आणि जलयंत्रे बनवणाऱ्यांच्या श्रेणी येतात. त्यांच्याकडील ठेवीतून आजारी भिक्खूंच्या औषधाची सोय होती. म्हणजे बुद्धाच्या नाशिकमध्ये कारागिरांची संघटना ही त्या काळची बँक होती, विश्वासाची जागा होती. हाताने काम करणारा नीच आणि पोथी वाचणारा उच्च, ही वाटणी जातिव्यवस्थेने पक्की केली. बाबासाहेबांनी म्हणूनच सांगितले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये कोणत्याही जातीचा मुलगा लेथवर उभा राहतो, तेव्हा बापजाद्यांचा धंदा जन्माने गळ्यात मारण्याची रीत तिथे मोडते. हे या संस्थेचे मोल आपण ओळखलेले नाही.

यावर आपलेच काही विचारवंत मित्र हरकत घेतात. ते म्हणतात, 'वरच्या जातींची मुले आयआयटीत आणि आमची आयटीआयमध्ये? एका अक्षराच्या फरकात सगळी वर्णव्यवस्था आली!' हरकत फेटाळण्यासारखी नाही. शाळेत मागे पडलेल्या आपल्या मुलाला 'तू आयटीआयच कर' असे सांगून वाटेला लावणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण याचे उत्तर बाबासाहेबांनीच दिलेले आहे. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सादर केले. त्यात विज्ञान व तंत्रज्ञानाच्या विद्यापीठीय शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी पैसा मागितला, आणि त्याच निवेदनात सरकारी छापखाने व रेल्वे वर्कशॉपमध्ये आपल्या तरुणांना शिकाऊ म्हणून घ्यावे, अशीही मागणी केली. लंडनही मागितले आणि वर्कशॉपही मागितले. एकाच्या बदल्यात दुसरे सोडले नाही. पुढे १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. पोट भरता भरता शिकणारा विद्यार्थी त्यांच्या योजनेत पहिल्यापासून होता.

तेव्हा आयटीआय ही भिंत आहे की पायरी, हा खरा प्रश्न. नियमांत ती पायरी आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड उत्तीर्ण झालेल्या मुलाला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पदविका झाली की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. राज्य मंडळाची भाषा विषयांची परीक्षा दिली तर बारावीची समकक्षता मिळते. १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर आपल्याच शहरात आहे. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याला, लग्न होऊन शाळा सुटलेल्या बाईला पदवीचे दार त्याने उघडून दिले. वस्तीतल्या किती पालकांना ही शिडी ठाऊक आहे? विहारात आपण स्पर्धा परीक्षेची व्याख्याने ठेवतो, ती ठेवलीच पाहिजेत. पण दहावीचा निकाल लागल्यावर आयटीआयचा अर्ज कसा भरायचा, कोणता ट्रेड घ्यायचा, जातीचा दाखला कधी काढायचा, हे सांगणारा टेबल किती विहारांत लागतो?

परंतु प्रवेश मिळाला म्हणजे काम झाले, असे समजणे ही दुसरी चूक. आयटीआयच्या गेटपासून कारखान्याच्या गेटपर्यंत जे अंतर आहे, तिथे आज आपली मुले हरवत आहेत.

मध्यंतरी एक तरुण माझ्याकडे आला. फिटर ट्रेड, चांगले गुण. 'दादा, तीन कागद आहेत, बघता का?' पहिला कागद एक वर्षाच्या शिकाऊ उमेदवारीचा नोंदणीकृत करार. दुसरा एका ठेकेदाराचा, अकरा महिन्यांसाठी 'ट्रेनी'. तिसरा दुसऱ्या ठेकेदाराचा, पुन्हा 'ट्रेनी'. मशीन तेच, पाळी तीच, सुपरवायझर तोच. आता गेटपास बंद. त्याला वाटत होते, तीन वर्षे झाली म्हणजे आपण कायम. मला त्याला सांगावे लागले की शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ च्या कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. पहिल्या वर्षावर कायमपणाचा हक्क उभा राहत नाही. पुढच्या दोन वर्षांचे मात्र भांडता येते, कारण कागदावर 'ट्रेनी' लिहिल्याने कामगार ट्रेनी होत नाही. प्रत्यक्ष काम काय केले ते पाहावे लागते. 'पगारपत्रक आहे? हजेरीचा काही पुरावा?' तो खाली बघत म्हणाला, 'फोटो होते दादा. फोन बदलला.'

हा मुलगा एकटा नाही. माझ्या वडिलांचे आणि त्याचे प्रमाणपत्र एकाच ट्रेडचे आहे. वडिलांना त्या प्रमाणपत्राने घर दिले, याला त्याने तीन कागद दिले. आणि कायदा त्याच्या बाजूने सरकतो आहे असेही नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत 'शिकाऊ' हा शब्द तरी होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ॲप्रेंटिस कायद्याखालच्या उमेदवाराला त्या व्याख्येतूनच वगळले. राज्य सरकारच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय झालेल्याला महिना ८००० रुपये विद्यावेतन ठरले, तेही सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. प्रशिक्षण झाल्यावर पुढे काय, हे विचारायला तीच मुले मग रस्त्यावर उतरली.

तरीही कायद्यात आपल्या हातात येईल असे बरेच आहे. आपण ते हातात घेतलेले नाही. १९७३ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायद्यात कलम ३-अ आले. प्रशिक्षणाच्या जागांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा ठेवण्याचे बंधन त्यात आहे, आणि ते केवळ सरकारी आस्थापनांपुरते नाही. कायद्याखालच्या खाजगी मालकालाही ते लागू आहे. खाजगी क्षेत्रात आरक्षण हवे म्हणून आपण मोर्चे काढतो, आणि खाजगी कारखान्याच्या दारात पन्नासहून अधिक वर्षे असलेल्या या आरक्षणाची चौकशी करत नाही! २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत, आणि त्या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले जातात. सातपूर-अंबडमध्ये अशा किती आस्थापना आहेत, हे आपणच हिंडून मोजावे.

२०१४ च्या दुरुस्तीने कलम २२ मध्ये मालकावर एक जबाबदारी टाकली. आपल्याकडे शिकून गेलेल्या शिकाऊ उमेदवारांना नोकरीत घेण्याबाबत त्याने स्वतःचे धोरण ठरवले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने तर १९९५ मध्येच, उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, इतर गोष्टी समान असतील तर बाहेरच्या उमेदवारापेक्षा तिथेच शिकलेल्याला प्राधान्य द्यावे, असे म्हटले आहे. नोकरीची हमी यातून मिळत नाही, हे मी वकील म्हणून स्पष्ट सांगतो. पण प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळतो.

तो कसा वापरायचा? पहिले काम, माहिती अधिकाराचा अर्ज. आयटीआयमध्ये आपल्या राखीव जागा कोणत्या ट्रेडमध्ये भरल्या, कोणत्या रिकाम्या राहिल्या; जिल्ह्यात कलम ३-अ खाली किती जणांना शिकाऊ उमेदवारी मिळाली; नाशिकरोडचे छापखाने आणि ओझरचा विमान कारखाना या सार्वजनिक आस्थापनांचे कलम २२ चे धोरण काय, हे लेखी मागा. खाजगी कारखान्यांची तक्रार शिकाऊ उमेदवारी सल्लागारांकडे करा. दुसरे काम, प्रत्येक विहारात जून महिन्यात प्रवेशाचा टेबल लावा आणि तिथे निवृत्त फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन यांना बसवा. आपल्या व्यासपीठावर त्यांना कधी खुर्ची मिळालेली नाही. तिसरे काम मुलांचे: पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागद जपा. करार नोंदणीकृत आहे का ते पाहा. पगारपत्रक, हजेरी, गेटपास, बँकेचे पासबुक यांच्या झेरॉक्स घरी आईजवळ ठेवा. फोनच्या भरवशावर राहू नका.

संविधान मंदिरात जाणाऱ्या मुलाने संविधानाला हार घालावा, उद्देशिका वाचावी. पण बाहेर पडताना त्याने प्राचार्यांना एक प्रश्नही विचारावा: साहेब, कलम ३-अ प्रमाणे माझी जागा कोणत्या कारखान्यात आहे? हा प्रश्न विचारणारी मुले तयार झाली, तर १९३४ च्या त्या पत्राचा अर्थ नाशिकला कळला असे मी म्हणेन.