उजव्या कानाचा षड्ज

घरच्या बैठकीत मी तीनदा गाणं थांबवलं. "तबला चढलाय." तबलजीने मुकाट्याने गजऱ्याला खालून ठोके देऊन तो उतरवला. चौथ्यांदा थांबवायला गेलो तेव्हा पेटीवाले हळूच म्हणाले, "अण्णा, आता उतरलाय हो." त्या तरुण मुलाचा तबला पहिल्यापासून सुरात होता, हे मला आठवड्याने कळलं.

माझ्या श्रवणचाचणीचा आलेख 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचा आहे. डाव्या कानाची रेघ 2000 नंतर घसरते, उजव्याची सुरुवातीपासूनच खाली. पण किती हळू आवाज ऐकू येतो एवढंच तो सांगतो. ऐकू आलेला सा जागेवर आहे का, हे त्यात कुठेच नसतं. आणि गाणाऱ्याला तेच हवं असतं. म्हणून माझी परीक्षा मीच घ्यायची ठरवली.

आधी श्रवणयंत्रं काढली. ती बोलणं ऐकण्यासाठी घडवलेली असतात. तानपुऱ्याच्या अखंड सुराला यंत्राची शिट्टी समजून दाबायला जातात, मग सूर थरथरतो. हेडफोन लावून तानपुऱ्याच्या ॲपवर काळी एकचा सा डाव्या कानात ऐकला, मग तोच उजव्यात. उजव्यातला चढा! दोन्ही सारखे वाटेपर्यंत उजव्याचा सूर खाली आणत गेलो. असं दहा वेळा केलं, आणि दर वेळी फरक निघाला 25 ते 35 सेंट. अर्धस्वराचे 100 सेंट धरतात, म्हणजे जवळपास त्याचा तिसरा हिस्सा. एकच सूर दोन कानांना दोन उंचींचा लागण्याला डिप्लाक्युसिस म्हणतात. तबलजी बसतो माझ्या उजव्या हाताला.

मग नातीला पेटीवर बसवलं. मी पाठमोरा, एक कान बंद. शेजारच्या दोन पट्ट्या वाजवायच्या आणि दुसरी वरची की खालची ते मी सांगायचं. डाव्या कानाने 20 पैकी 20. उजव्याने 14, नुसते अंदाज ठोकले तरी 10 येतात. "आबा, परत घेऊ?" तिने विचारलं. माझ्याने होईना. पन्नास वर्षं ज्या कानावर हात ठेवून सूर लावला, तो हाच.

लयीची भीती सर्वांत जास्त होती, म्हणून ती शेवटी ठेवली. यंत्रांशिवाय त्रिताल लावला. किनारीचा 'ना' पार बोथट झालेला, पण डग्गा भरपूर पोचत होता. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत त्याची गुंज थांबते, चौदाव्या 'धिं'ला परत येते. त्या पोकळीवरून खाली अचूक सापडली. नातीने मध्येच आवाज बंद केला. मी बोटांवर मात्रा मोजत राहिलो. चार आवर्तनांनी तिने आवाज सोडला, तेव्हा मी समेवर होतो. पुन्हा केलं, पुन्हा समेवर.

तबलजीला फोन करून सगळं सांगितलं, माफी मागितली. पुढच्या बैठकीत तो डाव्या हाताला बसणार आहे. तानपुराही मी डाव्या खांद्याशी घेतोय.